फटफटी आणि मोगरी

संध्याकाळी सात वाजता जो माणूस कोल्हापुरात घरी सापडतो, तो एक तर आजारी असतो, नाहीतर पुण्याहून आलेला जावई. आम्हाला घर लागतं ते झोपायला. गॅरेजचं शटर ओढलं की रंकाळ्यावर भेळ, भेळ खाता खाता फुटबॉलवरून भांडण, भांडण मिटवायला कुणाच्या तरी घरी तांबडा-पांढरा रस्सा. मी दिलदार मिस्त्री. माझं तोंड माझ्या पान्यापेक्षा जास्त चालतं असं माझी बायको नजीरा म्हणते, आणि मी कबूल करतो, कारण नाही म्हटलं तर तेच सिद्ध होतं.

पण वर्षातली एक संध्याकाळ या सगळ्यांची आई आहे. दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी आमच्या पेठेतले गवळी म्हशींना नवरीसारखं नटवतात. शिंगांना रंग, टोकांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर लोकरीचे गोंडे. गोंडे करावेत तर नजीरानंच. दसऱ्यापासून आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. मग गवळी आपली फटफटी बाहेर काढतो, तिचा सायलेन्सर उतरवतो आणि रस्त्यावरून सुसाट सुटतो. मागं त्याची म्हैस! दोर नाही, काठी नाही. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून ती दुतर्फा उभ्या माणसांमधून धावत जाते. हलगी कडाडते, फेटे उडतात, आणि ज्याची म्हैस सगळ्यांत नेटानं धावली तो वर्षभर पेठेत मान वर करून चालतो.

यंदा मात्र मानेपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलं होतं. केरबाअण्णांचा गोठा.

केरबाअण्णा आमचे शेजारी. सहा म्हशी, आणि गंगावेशीत दुधाचा कट्टा. संध्याकाळी म्हशी कट्ट्याशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अण्णांचं उकिडवं बसणं संपलं. तेव्हापासून गोठा आणि कट्टा त्यांची एकुलती एक मुलगी तेजस्वी बघते. चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, आणि बोलायला लागली की माझीसुद्धा बोलती बंद करणारी.

अण्णांचे धाकटे भाऊ कृष्णात यांना हे पटत नव्हतं. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कुठंही मोकळी जागा दिसली की तिथं शटर दिसतं. म्हशी विकायच्या आणि गोठ्याच्या जागेवर दुकानगाळे बांधायचे, हा त्यांचा ध्यास. कोजागिरीच्या रात्री अण्णांच्या अंगणात आम्ही मसाल्याचं दूध पीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी विषय काढलाच.

"आण्णा, पोरीला म्हशी किती दिस आवरणार? उद्या लगीन झालं की कुणाच्या जिवावर ठेवणार हायस तू गोठा?"

"लगीन झालं तरी मी गंगावेशीतच ऱ्हाणार हाय, काका," तेजस्वी म्हणाली. "नवऱ्याला यायचं आसलं तर येऊ दे की."

अण्णा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "पाडव्याला बगू. मोगरी तेजस्वीच्या मागं धावली, तर गोठा तिचा. मग कुणी तोंड उघडायचं न्हाय. न्हाय धावली, तर कृष्णात, तू तुझं गाळं बांध."

मोगरी ही अण्णांची सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत हट्टी म्हैस. तेजस्वीनं त्या रात्रीपासून ध्यासच घेतला. रोज पहाटे अण्णांची जुनी फटफटी काढायची आणि मोगरीला नदीकाठच्या रस्त्यावर पळवायची. पंधरा दिवसांत मोगरी अशी धावायला लागली की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

आता माझं ऐका. पाडव्याच्या आदल्या दिवशी तेजस्वी गाडी घेऊन माझ्या गॅरेजला आली. "चाचा, सायलेन्सर तेवढा उतरवून ठेवा," म्हणाली आणि गेली.

अण्णांची ती फटफटी म्हणजे माझ्या काळजातला काटा होता. वीस वर्षं ती मिसिंग मारत होती. तीनदा फट् फट् फट् करायची आणि चौथ्याला घसा खाकरल्यासारखी खुळ्ळ करून अडखळायची. मी कितीदा म्हटलं असेल, अण्णा, अर्धा तास द्या, इंजिन लोण्यासारखं करून देतो. अण्णांचं एकच उत्तर, "चालतीया की. ऱ्हाऊ दे." मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे. आणि आता गाडी माझ्या हातात, अण्णा घरी, उद्या पोरीच्या आयुष्यातला मोठा दिवस! हात शिवशिवले नसते तर मी मिस्त्री कसला? सायलेन्सर उतरवलाच, वर कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, पॉइंट घासून टायमिंग लावलं. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पाडव्याची ओवाळणी समजून केलं. गाडी चालू केली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकही ठोका चुकत नव्हता.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझ्या बाबतीत म्हैस.

पाडव्याला दुपारपासूनच रस्ता फुलला. शाहूवाडीपासून पेठ वडगावपर्यंतची माणसं आली होती. भजीच्या कढया उकळत होत्या, गच्च्यांवर बायका, कठड्यांवर पोरं, आणि हलगीवाल्यांनी तर असा ठेका धरला होता की उभ्या जागी पाय हलत होते. काय सांगू! पन्नाशी उलटली माझी, पण त्या दिवशी मला दहा वर्षांच्या पोरासारखं वाटत होतं. पहिली म्हैस धावली, दुसरी धावली. एक तर अशी सुटली की भेळवाल्यानं गाडीसकट उडी मारली. गर्दी खदखदून हसत होती.

तेवढ्यात तेजस्वी आली. अंगात अण्णांचा पांढरा शर्ट, डोक्यावर गुलाबी फेटा. मोगरीच्या कपाळावर नजीराचे हिरवे गोंडे, शिंगं सोनेरी. शिट्ट्यांनी कान बधिर झाले. मी गाडी पुढं करून दिली. तेजस्वीनं किक मारली आणि क्षणभर थांबली.

"चाचा, आवाज येगळा येतोय का?"

"मक्खन केलीया, मक्खन!" मी छाती काढून म्हणालो. "जा बिनधास्त. नाद करायचा न्हाय!"

मागून माणसं ओरडत होती, पंचांनी झेंडा उचलला होता. ती पुढं गेली, पन्नास पावलांवर जाऊन तिनं गाडी थांबवली आणि गाडीचा आवाज चढवला. गाडी गरजली. झेंडा पडला. मोगरीला धरणाऱ्या दोघांनी हात सोडले.

मोगरी जागची हलली नाही.

तेजस्वीनं पुन्हा आवाज चढवला. मोगरीनं एक कान मागं केला, शेजारच्या दारातल्या रांगोळीकडं बघितलं आणि रवंथ सुरू केलं.

"म्हस रुसली रं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "ओ पावणं, म्हशीला पत्रिका दिली न्हवती काय?"

हशा पिकला. आमच्या गावाची ही खोडच आहे. जिंकणाऱ्याला डोक्यावर घेतील, पण अडखळणाऱ्याला सोलून काढतील. पंचांच्या टेबलाशेजारी अण्णा खुर्चीवर बसले होते. कृष्णात त्यांच्या मागं उभे होते, हाताची घडी घालून. अण्णा गर्दीकडं बघत नव्हते, मोगरीकडंही नाही. डोळे मिटून ते गाडीचा आवाज ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"दिलदार," ते म्हणाले, "इंजिनाला हात लावलास?"

माझी पाचावर धारण बसली. अण्णांनी वीस वर्षांत ती गाडी का दुरुस्त होऊ दिली नाही, ते मला त्या क्षणी कळलं. मोगरी फटफटीच्या मागं नव्हे, त्या चौथ्या अडखळणाऱ्या ठोक्याच्या मागं धावत होती. बाकीच्या गाड्या तिच्या लेखी नुसत्या गाड्या. आणि तो ठोका मी माझ्या हातानं, फुकटात, नवा प्लग घालून मारून टाकला होता!

नजीरानं माझ्या पाठीत कोपर मारलं. "बघत काय बसलायसा? जावा की!"

मी धावलो. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून गाडीशी बसलो. "थांब पोरी, आत्ता मिसिंग मारायला लावतो." प्लगची वायर जराशी ढिली करायची, बस. पण घाईत जोर जास्त लागला. वायर ढिली झाली ती झालीच, गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. तेजस्वीनं किक मारली. परत मारली. दहा किका मारल्या. गाडी ढिम्म. हयातभर ज्या हातांचा तोरा मिरवला, त्या हातांची मला लाज वाटली.

"पंच, दोन मिन्टं!" मी ओरडलो.

"दोन मिन्टं कशाला? मागच्या म्हशी खोळंबल्यात," पंच म्हणाले. "हंबीरराव, तुमची घ्या पुढं."

तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं ते शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि गाडी माझ्या अंगावर लोटली. पायातल्या चपला भिरकावल्या. सरळ मोगरीसमोर गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते तिलाच ठाऊक. मग वळली आणि अनवाणी पळत सुटली.

"मोगरेऽऽ! चल गं बाय! चऽऽल!"

गर्दी आधी हसली. मग मोगरीनं मान वर केली. दोन्ही कान पुढं आले. एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि पुढच्या क्षणी ती काळी कातळासारखी म्हैस चौखूर उधळली! गोंडे उडतायत, कवड्या खळखळतायत, आणि पुढं गुलाबी फेट्याची पोर जिवाच्या आकांतानं पळतेय. हलगीवाला सगळ्यात आधी शुद्धीवर आला. त्यानं असा ठेका लावला की हशाच्या आरोळ्या कधी झाल्या कळलं नाही. मोगरीनं तेजस्वीला गाठलं. मला वाटलं, आता पुढं निघून जाणार. पण नाही. तिनं वेग कमी केला आणि खांद्याला खांदा लावून पोरीच्या चालीनं धावायला लागली. तेजस्वीनं तिच्या शिंगावर हात टाकला. शेवटच्या कमानीपर्यंत दोघी तशाच गेल्या. मी रडत होतो आणि ओरडत होतो, दोन्ही एकदम. शेजारच्या अनोळखी माणसानं मला मिठी मारली. मीही मारली.

पंचांनी मात्र मानाची ढाल दिली नाही. धाव गाडीमागं पाहिजे, असा नियम. ढाल हंबीररावांना गेली. आणि कृष्णातना तेवढं पुरलं.

"आण्णा, बोलल्यालं आठवतंय न्हवं?" ते म्हणाले. "नियमात बसलं न्हाय."

मी मध्ये पडलो. "कृष्णातराव, चूक माझी हाय. गोठ्यावर नगा काढू. माझ्या गॅरेजवर काढा."

अण्णांनी हात करून मला गप्प केलं. काठी टेकत ते उठले. चेहऱ्यावर आनंद होता, पण त्यात काहीतरी दुखतही होतं.

"कृष्णात, तीस वरसं मी ढाली आणल्या. मला वाटायचं, म्हशी गाडीचा आवाज वळखत्यात, पर धावत्यात माझ्यामागं. आज कळलं, गाडीच्या मागं धावत हुत्या." ते जरा थांबले. "मी म्हणलं हुतं, मोगरी तेजस्वीच्या मागं धावली तर. गाडीचं नाव मी घेतलं न्हवतं. इचार दिलदारला."

"न्हवतं घेतलं," मी लगेच म्हणालो. या एका वाक्यासाठी अल्लानं मला एवढं मोठं तोंड दिलं असावं.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तेजस्वी मोगरीच्या गळ्यात पडून हुंदके देत होती, आणि मोगरी तिच्या फेट्याचं टोक चावत होती. कृष्णातनी तिकडं बघितलं. मग पुटपुटले, "पायात काच बिच गेली आसंल पोरीच्या. बगून येतो." आणि गेले.

धारेची वेळ कधीच टळून गेली होती. पाडवा असो नाहीतर प्रलय, सड भरले की म्हशीला थांबवत नाही. आम्ही सगळे वाजतगाजत गंगावेशीत पोचलो तेव्हा कट्ट्यावर ही गर्दी! धाव बघितलेला अर्धा गाव मोगरीचं दूध प्यायला आला होता. पलीकडं मिसळीचा कट उकळत होता, वर आकाशदिवे, खाली फटाक्यांचा धूर, आणि रांग पार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. कुणी कुणाला ओळखत नव्हतं तरी सगळे एकमेकांना धावेची गोष्ट सांगत होते, प्रत्येक जण वाढवून. मी तर चारदा सांगितली, आणि चौथ्या वेळी गाडी बंद पडली ती माझ्यामुळं नाही, असं निघालं.

तेजस्वी धारेला बसली. एका पायाच्या अंगठ्याला कृष्णातनी आपला रुमाल बांधला होता. पहिल्या धारेचा आवाज ग्लासात वाजला आणि अण्णा सवयीनं काठी टेकत आत, तिच्या शेजारी गेले. जिथं तीस वर्षं ते बसले होते, तिथं. हात पुढं केला.

"तेजस्वी, पयला गिलास मला दे."

तिनं मान वर केली नाही.

"आण्णा, रांगंत या. पुढं माणसं थांबल्यात."

नजीरानं माझा दंड धरला. अण्णांनी तेजस्वीकडं बघितलं, मग रांगेकडं. त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि मला वाटलं आता काठी उगारतात.

"व्हय, मालकीणबाई," ते म्हणाले.

आणि काठी टेकत टेकत, भेटेल त्याच्याकडं बघून हसत, केरबाअण्णा औषधाच्या दुकानापाशी जाऊन रांगेत उभे राहिले.