गूळवाले काका

महाल या जुन्या वस्तीतली लाकडाची वखार पाडून तिथे शॉपिंग सेंटर उभं राहिलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद रुपरावला झाला. त्याची मुलगी श्वेता तिथे नोकरीला लागली होती. तळमजल्यावर मोठं किराणा मार्ट, वर कपड्यांची दुकानं, त्याच्याही वर खाण्यापिण्याचे स्टॉल. आजूबाजूच्या गल्ल्या भोसल्यांच्या काळापासूनच्या, म्हणून मालकाने दर्शनी बाजूला कोरीव खांब आणि कमानी लावून घेतल्या होत्या. खांब लाकडाचे दिसत, पण बोटाने वाजवले की फायबरचे निघत. रुपरावने पहिल्याच दिवशी वाजवून पाहिले होते आणि तो एकटाच हसला होता.

रुपराव मूळचा उमरेडकडच्या खेड्यातला. उभा जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशावर काढला. छातीत कफ धरायला लागला तेव्हा काम सुटलं आणि तो बायकोला, शामलाला घेऊन महालात दोन खोल्यांत राहायला आला. शामला एका मेसमध्ये पोळ्या करायची. श्वेता बी.कॉम. झाली, इंग्रजी बोलण्याचा क्लास केला आणि मार्टच्या कस्टमर डेस्कवर बसली. गळ्यात ओळखपत्र, अंगात निळा कोट. रुपरावने गल्लीतल्या एकूणएक माणसाला सांगितलं, "माही पोरगी मॅडम झाली ना."

श्वेता घरी मले-तुले बोलायची आणि मार्टच्या काचेच्या दारातून आत गेली की मला-तुला. सुरुवातीला तिला ते जपून करावं लागे, मग अंगवळणी पडलं. डेस्कवर तिच्याबरोबर नूपुर होती. महालातल्याच जुन्या कारकुनी घराण्यातली. वडील बँकेतून निवृत्त झालेले. नूपुरने एकदा जेवताना सहज विचारलं, "तुझे बाबा काय करायचे गं?"

"खापरखेड्याला होते. पॉवर स्टेशनमध्ये."

"इंजिनिअर?"

श्वेताच्या तोंडात घास होता. तिने मान हलवली. ती मान 'हो' म्हणून हलली की नुसतीच, हे तिलाही त्या वेळी धड कळलं नाही. पण नूपुरने ते हो धरलं आणि श्वेताने धरू दिलं.

मे महिना लागला. दोन खोल्यांवर पत्रे होते आणि दुपारी कूलरसुद्धा गरम हवा फेकायचा. एक दिवस रुपराव म्हणाला, "तुह्या दुकानात एसी असंन नाही वं? मी येऊन बसत जाऊ का जरासा? तुलेबी पाहणं होईन."

श्वेताच्या डोळ्यांसमोर तो उभा राहिला. ढगळ पायजमा, वरच्या खिशात तंबाखूची डबी, आणि साऱ्या मार्टात ऐकू जाईल असा आवाज. ती पटकन म्हणाली, "या ना. पण माह्याशी बोलू नका हं बाबा. ड्युटीवर घरच्या लोकांशी बोलायची मनाई आहे. नियमच आहे तसा."

"असं काय?" रुपराव गंभीर झाला. "नियम म्हणजे नियम. मी ओळखसुद्धा दाखवत नाही."

आणि त्याने खरंच दाखवली नाही. रोज दुपारी तो यायचा. दारातल्या गार्डला रामराम करायचा, थंड हवेत एक मोठा श्वास घ्यायचा आणि रांगांमधून सावकाश फिरायचा. श्वेताच्या डेस्कसमोरून जाताना नजर सरळ समोर ठेवायचा, शाळेतल्या पोरासारखा. फक्त लांब गेल्यावर, तेलाच्या डब्यांआड उभा राहून, ती गिऱ्हाइकाशी कशी बोलते ते पाहायचा. रात्री जेवताना शामलाला सांगायचा, "आज एक बाई इतकी भडकली होती, पण हिनं असं शांत केलं का विचारू नको." ते ऐकून श्वेताला बरं वाटायचं आणि त्याच वेळी ताट सोडून उठून जावंसंही वाटायचं.

मार्टात सुट्या मालाचा एक कोपरा होता. डाळी, शेंगदाणे, गूळ, सगळं उघड्या खोक्यांत ठेवलेलं. रुपरावचे पाय तिथे थांबायचे. तुरीचा दाणा दाताखाली धरून पाहायचा, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, डोळे मिटून चघळायचा आणि मान डोलवायचा. गावच्या बाजारात न चाखता गूळ घेणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. इथे मात्र पोरांना त्याची गंमत वाटू लागली. कोणीतरी त्याचं नाव 'गूळवाले काका' पाडलं. नूपुर त्याची नक्कल फार छान करायची. डोळे मिटून, गाल फुगवून, मान डोलवत ती म्हणायची, "वाऽ, काय गूळ आहे ना गा!" सगळे हसायचे. पहिल्यांदा श्वेता नुसतीच हसल्यासारखं करून गप्प राहिली. नंतर आपण गप्प आहोत हे कोणाच्या लक्षात येईल म्हणून तीही हसू लागली.

एका दुपारी नूपुरचे वडील मार्टात आले. पांढरा शर्ट, काठी, जुन्या पद्धतीचा चष्मा. नूपुर डेस्कमागून धावत गेली. "बाबा! फोन तरी करायचा!" तिने त्यांना हाताला धरून आणलं, स्वतःची खुर्ची दिली, थंड पाण्याची बाटली आणली. मॅनेजर विक्रम केबिनमधून बाहेर येऊन त्यांच्या पाया पडला. "काका, मुलगी हुशार आहे तुमची," तो म्हणाला. नूपुरने सगळ्यांची ओळख करून दिली. "आणि ही श्वेता. हिचे वडील पण पॉवर स्टेशनला मोठ्या पोस्टवर होते."

श्वेताने नमस्कार केला. मान वर केली तर समोर, सुट्या मालाच्या कोपऱ्यात, रुपराव उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. सगळं ऐकलंही होतं, कारण नूपुरचा आवाज खणखणीत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब न जुळलेल्या माणसासारखा तो नूपुरच्या वडिलांकडे, त्या खुर्चीकडे, आणि मग श्वेताकडे पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने नजर काढली आणि, काहीतरी करायला हवं म्हणून की काय, समोरच्या खोक्यातला गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला.

नेमकं ते विक्रमने पाहिलं. पाहुण्यांसमोर मार्टची शिस्त दाखवायची त्याला संधी मिळाली. "बघा, हे रोजचं आहे," तो नूपुरच्या वडिलांना म्हणाला. "रोज खातात, नेत काही नाहीत. श्वेता, जा, सांग त्यांना. नीट प्रेमाने सांग. तू बोलतेस छान."

"मी?" श्वेता म्हणाली.

"मग कोण?"

डेस्कपासून त्या कोपऱ्यापर्यंत काही फार अंतर नव्हतं. चालताना श्वेताला वाटत होतं, आता सांगून टाकावं. वळावं आणि सांगावं, हे माझे बाबा आहेत. शब्द अगदी जिभेवर होते. पण पाठीला सगळ्यांचे डोळे टोचत होते, आणि 'मोठ्या पोस्टवर' हे नूपुरचं वाक्य अजून तिथेच हवेत होतं. ती रुपरावसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या मिशीला गुळाचा कण लागला होता.

"काका," ती म्हणाली, "इथे असं चाखता येत नाही. घ्यायचं असेल तर वजन करून घ्या."

रुपरावने तिच्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, तो आता हाक मारणार. आणि तसं झालं असतं तर किती सुटल्यासारखं झालं असतं, हे तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण त्याने मिशी पुसली, हात पायजम्याला पुसले आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलं मॅडम. आता नाही करत."

तो निघून गेला. गार्डला रामराम न करता गेला. श्वेता डेस्कवर परत आली तेव्हा विक्रम म्हणाला, "व्हेरी गुड." नूपुर तिच्या कानाशी पुटपुटली, "कसा चेहरा झाला होता गं बिचाऱ्याचा!" आणि श्वेता हसली. त्याही वेळी ती हसली.

घरी गेली तेव्हा रुपराव खाटेवर बसून रेडिओ ऐकत होता. शामला पोळ्या लाटत म्हणाली, "याईले सांगतलं होतं दुकानातून गूळ आणा म्हणून, तं हात हालवत आले."

"तिथला गूळ खारट लागते," रुपराव म्हणाला. "बुधवारी बाजारातून आणून देतो उद्या."

बस, एवढंच. त्याने तिला चहा झाला का विचारलं, उन्हातून आलीस, पाणी पी म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मार्टात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शामलाकडून कळलं, की दुपारभर तो पत्र्याखालीच ओला पंचा अंगावर टाकून पडलेला असतो.

त्या रविवारी शामला बाहेर गेली असताना श्वेता त्याच्या खाटेजवळ जाऊन बसली. बोलायला तोंड उघडलं आणि आधी रडूच आलं.

"बाबा, तसा काही नियम नव्हता."

"माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"त्या पोरीचे वडील आले तेव्हा कळलं ना. त्याइले खुर्ची देल्ली."

"मग तुमी काहून बोलले नाही? सांगायचं होतं, मी हिचा बाप हाव म्हणून."

"चार लोकाइत तू मले काका म्हटलं," रुपराव म्हणाला. "मी बाप हाव म्हटलं असतं, तं तू खोटी पडली असती. त्या साहेबासमोर. मले ते पाहवलं नसतं." मग म्हणाला, "कोळशावर होतो हे सांगाले एवढी लाज वाटते का वं?"

त्याने ते खरंच विचारलं होतं, टोमणा म्हणून नव्हे. टोमणा असता तर तिला सोसला असता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, "गूळवाले काका दिसले नाहीत इतक्यात." नूपुरने गाल फुगवून डोळे मिटले.

"नूपुर, नको," श्वेता म्हणाली. "ते माझे बाबा आहेत."

कोणाला आधी ते समजलंच नाही. मग नूपुरचा फुगवलेला गाल हळूच खाली बसला.

"पण तू तर म्हणाली होतीस..."

"मी काही म्हणाले नव्हते. तुम्हाला वाटू दिलं. ते ठेकेदाराकडे कोळशावर होते. त्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं."

आपण असं बोललो की मन हलकं होईल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. आता ती लाज टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांची झाली, आणि तिची मात्र कमी झाली नाही. विक्रमला कळलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, सांगायचं ना! बोलाव त्यांना. चहा पाजू." आणि लगेच फोनवर बोलायला लागला.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी नूपुर न सांगता श्वेताच्या घरी आली. बाहेर चपला काढताना तिचे डोळे भरले होते. "मला काकांना भेटायचंय," ती म्हणाली. "मी फार वाईट वागले."

रुपराव बनियनवर होता. तो धडपडत आत गेला आणि शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावून बाहेर आला. घरातली एकुलती एक खुर्ची त्याने पंच्याने पुसून नूपुरला दिली आणि स्वतः उभा राहिला. नूपुर काही बोलणार, तोच तो अडखळत, एकेक शब्द पारखून पुढे ठेवावा तसा म्हणाला,

"तुम्ही आलात, मला फार आनंद झाला. श्वेता मला तुमच्याबद्दल नेहमी सांगत असते. आपण चहा घेणार ना?"

श्वेता दारात उभी होती. जन्मात कधी त्याच्या तोंडून 'मला' ऐकलं नव्हतं तिने. शामला चुलीपाशी होती, तीसुद्धा वळून नवऱ्याकडे पाहू लागली. नूपुरने माफी मागितली. तो "असू द्या, असू द्या, त्यात काय झालं" म्हणाला. चहा होईपर्यंत तो तसाच बोलत राहिला, उन्हाबद्दल, नूपुरच्या वडिलांच्या तब्येतीबद्दल. मध्येच अडला की श्वेताकडे बघायचा आणि पुन्हा शब्द जुळवायचा. श्वेताने एकदा मुद्दाम म्हटलं, "बाबा, आपल्यासारखं बोला ना, मीबी तसंच बोलत असते घरी." तो नुसता हसला, आणि पुढचं वाक्य परत 'मला'नेच सुरू केलं.

नूपुरला ती गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आली. परत आली तेव्हा रुपराव अजून शर्ट घालूनच खाटेच्या कडेला बसला होता. कपाळावर घाम होता. तिला पाहून त्याने आवाज खाली केला.

"बरोबर बोललो ना वं? कुठं चुकलं तं नाही?"

"नाही," श्वेता म्हणाली. "कुठंच नाही चुकलं."

आणि तिला त्याच्याकडे पाहता येईना.