डावं मागचं चाक

रागिणीच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकात हवा कमी झाली, की ते तिच्याआधी अकोल्यात तिच्या नवऱ्याला, कुलदीपला, कळत असे. गाडी तिच्या नावावर होती. पण घेताना कंपनीचं अ‍ॅप त्यानं आपल्या मोबाइलवर चालू केलं आणि ते तिला सांगायचं राहून गेलं. आधी खरंच राहून गेलं होतं. पुढं त्यानं राहू दिलं.

कुलदीप अकोल्यात एका बियाणे कंपनीत नोकरीला होता; शनिवारी अमरावतीला घरी यायचा. रागिणी फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करवून घ्यायची, कधी बडनेऱ्यात, कधी थेट तिवशाला. तिवसा तिचं माहेर. दिवाळीनंतर गाडीत टायरचा पिवळा दिवा लागू लागला आणि अ‍ॅपमधल्या नकाशावर गाडी बडनेरा रोडवर एकाच ठिकाणी थांबू लागली. तिथं धर्मेंद्रचं टायरचं दुकान होतं. धर्मेंद्रही तिवशाचा, तिच्याच गल्लीतला.

फोनवर ती सांगायची, "हवा भरून आली." हवा भरायला पाच मिनिटं लागतात. गाडी तिथं तासभर, कधी दोन तास उभी असायची.

एकदा ती तिथूनच बोलत असताना मागून पुरुषाचा आवाज आला, "रागे, चहा थंडा होऊन राहिला." लग्नाला सहा वर्षं झाली, कुलदीपनं तिला रागे कधी म्हटलं नव्हतं. अकोल्याच्या खोलीत त्यानं एकट्यानं म्हणून पाहिलं. जमलं नाही.

एका शनिवारी ती आंघोळीला गेल्यावर त्यानं तिच्या मोबाइलवर पैसे पाठवल्याच्या नोंदी पाहिल्या. दुकानाला एक रुपयाही गेला नव्हता. फुकट काम करणारा टायरवाला त्यानं उभ्या वऱ्हाडात पाहिला नव्हता. आणि सदा एकाच चाकात हवा कशी कमी होते? हवा ती स्वतःच सोडत असेल, असं त्याच्या मनात आलं. एकदा आलं ते गेलं नाही.

त्यानं हवा मोजायचं मीटर विकत घेतलं. रविवारी सकाळी रागिणी उठायच्या आत तो गाडीपाशी उकिडवा बसला. अ‍ॅप सांगत होतं, डावं मागचं सव्वीस, बाकीची तिन्ही तेहेतीस. मीटर सांगत होतं, डावं मागचं तेहेतीस. त्यानं चारही चाकं मोजली. हवा कमी होती ती उजव्या पुढच्या चाकात.

क्षणभर त्याची निराशा झाली. मुद्दाम हवा सोडणारी बायको उजव्या पुढच्या चाकाची हवा सोडून डावं मागचं दाखवायला नेणार नाही. मग त्याला बरं वाटलं. ज्याच्याकडे ती इतक्या भरवशानं जाते, त्याला साधं चाक ओळखता येत नाही, हे तिच्यासमोर दाखवता येणार होतं.

"चाल," तो तिला म्हणाला, "तुह्या त्या टायरवाल्याकडं जाऊ."

"आज? आज कावून?"

"दिवा लागला नं."

धर्मेंद्र पस्तिशीतला, ढेरपोट्या, हसरा माणूस निघाला. कुलदीपच्या मनातला धर्मेंद्र वेगळाच होता.

"हे कसं करून राहिले तुमी?" त्यानं उभ्याउभ्याच विचारलं. "दर वेळी डावं मागचं?"

"स्क्रीन तेच दाखवते नं, भाऊजी. पाण्यात बुडवून पाह्यलं. काटा नाही, बुडबुडा नाही. मंग चारही चाकं यंत्राले लावतो. सारखी झाली की दिवा विझते."

"अन् पुन्हा लागते."

"लागते नं बापा."

"उजवं पुढचं पाहा."

धर्मेंद्रनं साबणाचं पाणी शिंपडलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक फेस उठू लागला. त्यानं कपाळावर हात मारला. "रागे, चाकं कोनं फिरवली होती वं?"

"दिवाळीच्या आधी. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं. मागची पुढं केली, डावी-उजवी बी बदलवली."

"पाहा! चाकातला हवा मोजनारा सेन्सर चाकासंगं गेला. गाडीले कोनी सांगतलंच नाही. गाडी आपली जुन्याच जागी त्याले पाहून राहिली."

त्यानं व्हॉल्व्हचं रबर बदललं. मग हातातलं छोटं यंत्र एकेका चाकाजवळ धरून गाडीला चाकांच्या नव्या जागा शिकवल्या. दर चाकाला हॉर्न वाजला. "मलेच सुचाले पाह्यजे होतं," तो सहज म्हणाला आणि हसला. "तुहा नवरा तं पक्का मिस्त्री निंघाला, रागे!"

रागिणी मोकळं हसली. घरी ती तशी हसत नसे. धर्मेंद्रचा चेहरा उतरावा म्हणून कुलदीप आला होता, आणि तो उतरत नव्हता.

दुकानामागच्या खोलीतून धर्मेंद्रची आई, माणिकबाई, चहा घेऊन आली. "जवाई आले अन् बाहेरच उभे? बसा नं." कुलदीपनं खिशात हात घातलेला पाहून ती म्हणाली, "ठेवा ते. गावच्या लेकीजवळून पैसे घेतले तं तिवशात तोंड दाखवाले जागा राह्यन का आमाले? रागी आली की माह्यासंगं बसते, दोन घास खाते. तिची माय गेल्यापासून मीच हावो तिले."

इथं कुलदीपनं गप्प बसायला हवं होतं. पण रागिणी अजून हसत होती.

"गुरुवारी गाडी दोन तास इथंच उभी होती," तो धर्मेंद्रला म्हणाला. "तवा बी दिसलं नाही तुमाले?"

रागिणीनं कप खाली ठेवला.

"गुरुवारी तं तुमी अकोल्यात होते," ती म्हणाली.

माणिकबाई रिकामे कप उचलून आत गेली.

परत येताना गाडी रागिणी चालवत होती. "दाखवा," ती म्हणाली. सिग्नलला त्यानं मोबाइल पुढं केला. नकाशा, थांबे, वेळा, चार चाकं. तिनं सगळं नीट पाहिलं.

"काढून टाकतो," तो म्हणाला. "आत्ताच काढतो."

"नका काढू. बरंच झालं. आता कुठी गेली, किती वेळ बसली, मले सांगाचं काम नाही. तुमी पाहत जा."

सोमवारी संध्याकाळी त्यानं अकोल्याहून फोन लावला. "कुठी हायेस?"

"पाहा नं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानं पाहिलं. चारही चाकं तेहेतीस, आपापल्या जागी. गाडी घरासमोर उभी. रागिणी घरात होती की आणखी कोणासोबत दुसरीकडं गेली होती, ते त्यात नव्हतं. त्यानं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. गल्ली दिसली, घराचं छत दिसलं. त्यानं आणखी मोठा केला.