पाण्यात उभी झाडं

आमच्या घरधन्यांनी आठ दिवस पोरीशी अबोला धरला होता. नाव पुंजाजी, वय साठ, पण रुसायला बसले की बालवाडीतल्या पोरांना लाजवतील. आमची निकिता कॅनडात पाणथळ जंगलांचा अभ्यास करते. दोन वर्षं संपली, आणि आता तिथेच आणखी चार वर्षांचं काम मिळत होतं. होकार कळवायला आठ दिवसांची मुदत होती. बाप हो म्हटल्याशिवाय ती तो कळवणार नव्हती. हट्टीपणात दोघं सारखीच.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ होती. मी फोन मुद्दाम यांच्यासमोर तुरीच्या पोत्याला टेकवून ठेवला. हे तोंड फिरवून बसले, पण एक डोळा फोनवरच.

निकिता गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ओल्या शेवाळात उभी होती. भोवती सुईसारख्या पानांची काळपट झाडं, जेमतेम तिच्या खांद्याएवढी.

"आई, हे झाड एकशेवीस वर्षांचं हाय."

यांना राहवेना. मेडशीचं आमचं खालचं वावर दर पावसाळ्यात पाणी साचून चिभडतं, सोयाबीन पिवळं पडतं. साचलेलं पाणी दिसलं की यांचा हात फावड्याकडे जातो.

"तिले सांग, चर काढ म्हना. मुळं सडून राह्यली, म्हून खुरटली झाडं."

"बाबा, चर काढला तं जंगलच मरते," निकिता म्हणाली. "हे शेवाळ पाणी धरून ठेवते. खाली हजारो वर्षांचा पाला न कुजता पडून हाय, वाळला तं पेट घेईन. ही झाडं पाण्यातच हळूहळू वाढतात. शेवाळ वर चढलं का खोडाले वरून नवीन मुळं फुटतात."

"तिले इचार, अशा चिखलात बी कसं रुजते?"

"बी कमीच रुजते." तिने वाकून शेवाळ बाजूला केलं. झाडाची खालची फांदी त्यात दबली होती, तिला मुळं फुटली होती, आणि टोक वर येऊन त्याचं लहान झाड झालं होतं.

"अवं, हे तं दाब कलम!" हे फोनवर झुकलेच. मोगऱ्याची फांदी मातीत दाबून हे दरसाल रोपं करतात. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी सरळ तिलाच विचारलं, "मंग मायझाडापासून तोडता कधी?"

"कोनीच तोडत नाही, बाबा. कित्येक वर्षं जुडूनच रायते."

"तरी वाढते?"

"वाढते."

हे फोनपासून मागे सरकले. पुन्हा रुसले की काय, असं मला वाटलं. या माणसावर राग येत होता आणि त्याची दयाही.

"मंग मीच काहून तोडाले बसलो व?" हे म्हणाले. "कळव त्यायले, हो म्हनून. अन् उद्या फोन मले लाव. तुह्या आईले नाही, मले."