आतून लावलेली कडी

पूर्णेच्या पुरानं मठाची टेकडी तीन दिवस चहूबाजूंनी तोडून टाकली होती. येलदरीकडून नाव येण्याची आशा कुणाला नव्हती. मठात माणसं इनमीन पाच: म्हातारे महाराज, गडी मुंजाजी, स्वयंपाक करणाऱ्या गौराबाई आणि श्रावणात अनुष्ठानाला राहिलेले चारठाण्याचे दोघे भाऊ, थोरले गुरुसिद्धप्पा आणि धाकटा शिवरुद्र.

तिसऱ्या दिवशी दुपारी गौराबाई थोरल्या भावाच्या खोलीकडं ताट घेऊन गेल्या. दाराला आतून कडी होती.

"अप्पा, जेवायचं आणलंय."

"नको गौराक्का. पाय घसरला. जरा पडून राहतो." आवाज जड होता.

"लागलंय का? उघडा, हळद लावते."

"न्हाई. कुणाला बोलवू नका."

ताट उंबऱ्याशी ठेवून गौराबाई परतल्या. दिवस मावळायला आला तरी ताट तसंच. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. शेवटी मुंजाजीनं पहार घालून दार मोडलं.

घोंगडीवर गुरुसिद्धप्पा निपचित पडले होते. अंग गार. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, रक्तानं काळवंडलेलं. महाराजांनी ते सोडून पाहिलं आणि मागं सरले.

"हा पडल्याचा मार न्हाई. वरून टाळूवर घाव बसलाय."

कडी आतून. खिडकीला गज, खाली पुराचं पाणी. खोलीत दगड नाही, काठी नाही. मारणारा आला कुठून आणि गेला कुठून? मुंजाजी पुटपुटला, "हे माणसाचं काम न्हाई." शिवरुद्र दारात पुतळ्यासारखा उभा होता. मग हळूहळू सगळ्यांची नजर गौराबाईंकडं वळली. शेवटचं बोलणं त्यांच्याशीच झालेलं.

गौराबाईंना काही सुचेना. आपण ऐकलेला आवाज अप्पांचाच होता की भास झाला? घाव बसलेला माणूस बोलेल कसा? आणि तोवर बसला नसेल, तर बंद खोलीत बसला कधी? चुलीपुढं बसल्या, पण लाकडं पेटवायचं भान राहिलं नाही. पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं ते उपरणं यायचं. दोन वेढे, वर घट्ट गाठ.

त्या तशाच उठून महाराजांकडं गेल्या.

"महाराज, मारणाऱ्यानं कशाला बांधलं असतं? अप्पांनीच बांधलंय ते. घाव बाहेर बसला. मग ते आत गेले, कडी लावली, माझ्याशी बोलले, अन् मग..."

"मग मारणाऱ्याचं नाव का न्हाई घेतलं?"

दाराआडून शिवरुद्र पुढं आला.

"म्या मारलं," तो म्हणाला. "गोठ्यामागं. तिथं पडलेल्या खलबत्त्याच्या दगडी बत्त्यानं. बत्ता पाण्यात टाकला."

गेल्या वर्षी त्याची बायको चन्नबसम्मा बाळंतपणात अडली होती. जिंतूरला न्यायला गाडी मागितली तर थोरला म्हणाला, बायांची बाळंतपणं घरातच होतात. माय-लेकरू दोन्ही गेली. "आज म्या इतकंच म्हणलो, आण्णा, चुकलं म्हण. तो जपमाळ ओढत बसला. मग हात उचलला गेला."

"अन् ते काय बोलले?"

"कायबी न्हाई. माझ्याकडं बघितलं, अन् भिंत धरत खोलीकडं गेला. मी बाहेरून हाका मारल्या तर आतून कडी लावली." शिवरुद्र गौराबाईंकडं वळला. "मला भिऊन लावली का मला वाचवायला, गौराक्का? तुमी बोललात त्याच्याशी. सांगा ना."

गौराबाईंनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. नावेतून पोलीस अमीन आले, सरकारी उर्दूत पंचनामा झाला. गुरुसिद्धप्पांना लिंगायत रीतीनं मठाच्या आवारातच बसवून पुरलं. शिवरुद्रनं स्वतःच कबुली दिली. परभणीच्या अदालतीत गौराबाईंची साक्ष झाली. अप्पांचे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले. शिवरुद्रला सात वर्षांची सजा लागली.

परतताना बैलगाडीत मुंजाजीनं विचारलं, "अक्का, तुमाला काय वाटतं, अप्पांनी माफ केलं होतं का?"

गौराबाईंनी रस्त्याकडेच्या कापसाच्या रानाकडं बघितलं.

"कानानं ऐकलं तेवढं सांगितलं, मुंजाजी. त्येंच्या मनात काय होतं, ते मला अजून उमजंना."