तिघांची एकच मोजपट्टी

मुलांनो, डोळ्यांसमोर एक आडवा कागद आणा. त्यावर शेजारी शेजारी तीन चौकटी, प्रत्येकीत एक वेडीवाकडी रेघ. पहिली बाबांची, मधली आईची, शेवटची ठकीची. आठवडाभर रोज कोण किती पावलं चाललं, ते या रेघा सांगतात. दर रविवारी असा नवा कागद आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लागायचा.

आई वर्षभर आजारी होती. तरी तिची रेघ चौकटीच्या माथ्याला टेकायची. म्हणून तर सुट्टीत तिघांनी तळ्यापर्यंत चालत जायचं, असं ठकीने ठरवून टाकलं होतं.

बाबा पाणीखात्यात कारकून. टाक्यांच्या पातळीचे आलेख काढण्यात त्यांची वीस वर्षं गेली. त्या रविवारी त्यांनी ठकीला संगणकापुढे बसवलं.

"हे बघ. एक रांग, तीन रकाने. झाल्या तीन चौकटी."

"तुमची जरा मोठी करा, बाबा. तुम्ही कुठेही हातपाय पसरता."

"झोपेत तर विचारूच नकोस!" आतून आईचा आवाज आला, आणि मागोमाग खोकला.

ठकी हसली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "टाक्यांना तुम्ही एकच मोजपट्टी लावता ना?"

"लावावीच लागते. नाहीतर बादलीभर पाणीसुद्धा टाकीभर दिसतं."

"मग इथे प्रत्येकाची वेगळी का? आणि बाजूचे आकडे कुठे गेले?"

"आकड्यांची उगाच गर्दी होते गं," बाबा म्हणाले आणि उठले. "आईच्या औषधाची वेळ झाली."

एकच मोजपट्टी लावायला संगणकाच्या आज्ञेत कोणता शब्द लिहायचा, ते ठकीला ठाऊक होतं. बाबांच्या कामात तिने तो कितीदा पाहिला होता. तिने तो लिहिला आणि कळ दाबली.

बाबांची रेघ वर राहिली. ठकीची त्यांच्या खालोखाल. मधली चौकट रिकामीच वाटली. ठकी पडद्याजवळ वाकली, तेव्हा तळाला चिकटलेली सरळ रेघ दिसली. पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग.

बाबा औषधाची वाटी घेऊन दारात उभे होते.

"तिनेच सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणाली, पोरीचा तळ्याचा बेत मोडू नका."

"ठके, झाला का गं कागद?" आईने हाक मारली. "माझी रेघ कुठवर गेली?"

ठकीने बाहीने नाक पुसलं. मघाशी लिहिलेला शब्द तिने एकेक अक्षर करून खोडला, पुन्हा कळ दाबली आणि कागद छापून घेतला.

"आले, आई! वरपर्यंत गेलीये," म्हणत ती आत गेली, आणि पलंगासमोर उभी राहून तिने कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने नीट दाबून बसवले.