हशाची जागा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तीनशे बारा माणसं एकदम हसली आणि सात सेकंद हसत राहिली. पडद्यावर तेव्हा एक बाई कपाटाचं दार लावत होती. दार अडकलं नाही, बाई पडली नाही, कपाटातून काही घरंगळलं नाही. तिने दार लावलं आणि ती खोलीबाहेर गेली. चित्रपट विनोदी होता, पण त्या जागी विनोद नव्हता.

तिथे सात सेकंदांची रिकामी जागा मात्र ठेवलेली होती. दिग्दर्शकाने ती मागून घेतली होती.

दिग्दर्शक एकाहत्तर वर्षांचे. सगळं युनिट त्यांना दादा म्हणे. प्रेक्षकांनी त्यांचं नाव फार पूर्वीच ठोकळा ठेवलं होतं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरची रेष कधी हलत नसे. पहिल्या भूमिकेत ते कचेरीचं दार धरून उभे राहिले. आत जाणाऱ्या प्रत्येकासाठी दार धरायचं आणि आपण आत जायचं राहून जायचं, एवढंच काम. दिवस संपतो, दिवे जातात, तरी हा दार धरून उभा. चार मिनिटांच्या त्या दृश्यावर त्यांना पुढची बारा वर्षं कामं मिळाली. त्यानंतर त्यांनी स्वतः एकोणीस चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, पडद्यावर नाही आणि सेटवरही नाही. मुलीच्या लग्नातल्या फोटोंमध्येसुद्धा ते जप्ती आल्यासारखे उभे आहेत.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. प्रत्येक विनोदानंतर ते मोजून रिकामी जागा ठेवत, म्हणजे लोक हसत असताना पुढचं वाक्य वाया जात नसे. ती जागा किती, हे त्यांची थोरली बहीण ठरवायची. चित्रपट पूर्ण होत आला की ताईंना एकट्यांनाच चित्रपट दाखवायचा. तिसरी रांग, कडेची खुर्ची. शेजारी संकलक बाई स्टॉपवॉच घेऊन. ताई चार सेकंद हसल्या तर चार सेकंद, अकरा हसल्या तर अकरा. ताई हसल्या नाहीत तर विनोद कापायचा, त्यावर वाद नाही. एकोणीस चित्रपटांत ताईंचं हसणं आणि भरलेल्या थिएटरचं हसणं यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडला नव्हता.

ताई अकरा महिन्यांपूर्वी गेल्या.

विसाव्या चित्रपटाच्या वेळी संकलक बाईंना वाटलं, आता जागा अंदाजाने ठेवायच्या. त्या दादांकडे सव्वीस वर्षं काम करत होत्या. दादा त्यांना मास्तरीण म्हणत. दादांनी नेहमीसारखा कागद आणून दिला. दृश्याचा क्रमांक, पुढे सेकंद. कपाटाच्या दृश्यापुढे सात.

"दादा, इथे काय आहे हसण्यासारखं?"

"मला काय विचारतेस? मला कधी कळलंय?"

"मग हे आकडे काढले कुठून?"

"विचारले."

"कुणाला?"

"मास्तरीण, तुझा डबा निवतोय," दादा म्हणाले आणि बाहेर गेले.

बाईंनी सात सेकंद ठेवले. मंगळवारच्या चाचणी खेळात ते सातही सेकंद भरले, आणि कागदावरच्या बाकी सगळ्या जागाही.

चाचणी खेळ संपला की दादांच्या पद्धतीप्रमाणे प्रेक्षकांना छापील चिठ्ठी देत. त्यात दोनच प्रश्न असत. कुठे हसलात? का हसलात? संकलक बाई आणि दादांची मुलगी दुपारी चिठ्ठ्या लावायला बसल्या. चित्रपटाची निर्माती मुलगीच होती. कपाटाच्या दृश्याबद्दल एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी लिहिलं होतं. अक्षरं वेगळी, उत्तर जवळजवळ एकच: मागच्या बाई हसल्या म्हणून.

"एखादी असेल हसरी," मुलगी म्हणाली.

"कुठे बसली असेल?"

"मागे."

बाईंनी चिठ्ठ्या त्यांवरच्या खुर्चीच्या क्रमांकावरून रांगेप्रमाणे लावल्या. शेवटच्या रांगेत बावीस खुर्च्या होत्या. त्यांतल्या चौदा जणांनी तेच लिहिलं होतं. शेवटच्या रांगेच्या मागे भिंत आहे. भिंतीपलीकडे प्रोजेक्टरची खोली आहे आणि मध्ये जाड काच. त्या खोलीत एकच माणूस होता. त्याला सर्दी झालेली होती आणि तो हसला नव्हता.

मुलीने चिठ्ठ्यांना रबर लावलं. "हे बाबांना दाखवू नका."

"त्यांनी आधीच बघितल्यात," बाई म्हणाल्या.

बुधवारी संकलनाच्या खोलीत तिघं बसली. शेवटच्या दृश्याचा प्रश्न होता. मंगळवारी ते तयार नसल्याने दाखवलं नव्हतं. दृश्य साधं होतं. दादा एका स्टुलावर बसतात आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतात, चेहरा नेहमीचा. काहीच घडत नाही. एक्केचाळीस सेकंद.

"एक्केचाळीस?" मुलगी म्हणाली. "बाबा, तेवढ्यात माणूस चहा करून पिऊन मोकळा होतो."

"तुझा चहा तेवढ्यातच होतो, म्हणून तो तसा लागतो."

"विषय बदलू नका. लोक म्हणतील म्हातारा चळला. उठून जातील."

"जाऊ देत. हे त्यांच्यासाठी नाहीये."

"मग कुणासाठी आहे?" संकलक बाईंनी विचारलं.

उत्तर मुलीला माहीत होतं. संकलक बाईंना नव्हतं, म्हणून तिने ते सांगितलं, वडिलांकडे न बघता.

ताई चौदा वर्षांच्या असताना पाय मोडून आठ महिने प्लास्टरमध्ये पडून होत्या. दादा तेव्हा नऊ वर्षांचे. समोरासमोर दोन खाटा. भावंडांनी एक खेळ काढला. एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहायचं, आधी हसेल तो हरला. हरला त्याने उठून दुसऱ्याच्या बाजूला जाऊन बसायचं. ताई रोज हरायच्या आणि रोज म्हणायच्या, "बरी झाले की येईन." बऱ्या झाल्यावर त्या लंगडत जाऊन बसूही लागल्या. साठ वर्षं हा खेळ चालला आणि साठ वर्षं ताईच हरल्या. चेहरा ठोकळ्यासारखा ठेवायला दादा तिथेच शिकले.

"शेवटच्या दिवशीही खेळले," मुलगी म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये. बाबा स्टुलावर आणि आत्या पलंगावर. मी दारात उभी होते."

"आणि?"

"ती हसली नाही," दादा म्हणाले. "पहिल्यांदाच. मीही नाही. स्टॉपवॉच खिशात होतंच, सवयीने दाबलं होतं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला नर्स मध्ये आली आणि म्हणाली, जरा बाजूला व्हा. डाव तसाच राहिला."



"म्हणून मला ते कापायचंय," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातलं रबर तुटलं. "अकरा महिने तुम्ही त्या स्टुलावरून उठलेला नाहीत, बाबा. आत्या गेली. मला तुम्ही हवे आहात. उठा तिथून."

"डाव पुरा झाल्याशिवाय?"

शेवटी दादांच्याच पद्धतीने ठरलं. संकलक बाईंनी एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं: शुक्रवारच्या खेळात शेवटच्या जागी लोक हसले तर जागा राहील, नाही हसले तर कापायची. खाली तिघांच्या सह्या झाल्या.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता दुसरी चाचणी झाली. दादा शेवटच्या रांगेत बसले, मुलगी दाराशी आणि संकलक बाई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीशेजारी. ती खुर्ची रिकामी ठेवली होती. शेवटचं दृश्य लागलं आणि बाईंनी घड्याळ दाबलं. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंही नाही, उठून गेलं नाही. एक्केचाळीस सेकंद पूर्ण थिएटर दादांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलं आणि मग पडदा काळा झाला. मुलीने नंतर पोलिसांना सांगितलं की त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की ती दाराला टेकली.

चिठ्ठ्या सव्वापाचला जमा झाल्या. शेवटच्या दृश्यात कुठे हसलात, या यावेळी वाढवलेल्या प्रश्नापुढे बहुतेकांनी रेघ मारली होती. खाली मात्र दोनशे नव्वद जणांनी स्वतःहून एक वाक्य लिहिलं होतं. कुणी लिहिलं, शेवटी तो हसतो. कुणी लिहिलं, अगदी शेवटी ठोकळा हसला, बरं वाटलं. एकाने लिहिलं, पन्नास वर्षं वाट बघितली.

संकलक बाई चिठ्ठ्या तशाच टाकून यंत्राकडे गेल्या. एक्केचाळीस सेकंद म्हणजे नऊशे चौऱ्याऐंशी चौकटी. त्यांनी एकेक चौकट थांबवून बघितली. एकाही चौकटीत दादा हसत नाहीत. तोंडाचा कोपराही हलत नाही.

त्या परत आल्या तेव्हा सहा वाजले होते. दादा बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून शेवटची चिठ्ठी वाचत होते. मुलगी शेजारी होती.

"हरलो म्हणायचं," दादा म्हणाले.

"दादा, तुम्ही हसलेला नाहीत. मी एकेक चौकट बघून आले."

"तू मोजतेस, मास्तरीण. ते बघतात."

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली. "ठरल्याप्रमाणे ते आता कापायचं. घरी चला."

"काप की. मी कुठे नाही म्हणतोय?" त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि खिसे चाचपले. "चष्म्याचं घर आत राहिलं वाटतं. आलोच."

ते थिएटरमध्ये गेले. आतले दिवे चालू होते. थिएटरला दोनच दारं आहेत. एका दारात मुलगी आणि संकलक बाई उभ्या होत्या. दुसऱ्या दारात तिकीट तपासणारा खुर्ची टाकून बसला होता आणि फाडलेली तिकिटं परत मोजत होता, कारण आत गेलेल्या माणसांचा त्याचा आकडा तिकिटांपेक्षा एकाने जास्त येत होता. त्याच्या दारातून कुणी बाहेर पडलं नाही. पाच मिनिटांनी मुलगी आत गेली. चष्म्याचं घर शेवटच्या रांगेत खुर्चीवर होतं. दादा नव्हते.

पोलिसांनी खुर्च्यांखाली, पडद्यामागे, प्रोजेक्टरच्या खोलीत आणि छतावरच्या पोकळीत शोध घेतला. घरी, हॉस्पिटलात आणि ताईंच्या रिकाम्या खोलीतही माणसं पाठवली. शनिवार, रविवार काही कळलं नाही.

तिसरी चाचणी आधीच ठरलेली होती, सोमवारी सकाळी. ती रद्द करावी असं संकलक बाईंचं म्हणणं होतं. मुलगी ऐकेना. "बाबांनी आजवर एकही चाचणी चुकवलेली नाही," ती म्हणाली. "ते येतील." शेवटचं दृश्यही तिने कापू दिलं नाही. आधी ते येऊ देत, मग त्यांच्यासमोर कापू, असं तिने सांगितलं. दोन्ही दारांवर पोलीस होते.

दादा आले नाहीत. तीनशे नऊ प्रेक्षक होते. शेवटचं दृश्य लागलं, दादा स्टुलावर बसून समोर बघू लागले, आणि तिसऱ्या सेकंदाला थिएटर हसायला लागलं. दारातला एक हवालदारही हसला. संकलक बाईंनी घड्याळ दाबलेलं होतं. पडदा काळा झाला तेव्हाच हसणं थांबलं.

चिठ्ठ्या मुलीने एकटीने वाचल्या. दोनशे एकाहत्तर जणांनी कारण एकच दिलं होतं: मागचे दोघे हसले म्हणून. शेवटच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने जरा सविस्तर लिहिलं आहे. आधी बाई हसल्या, मग पुरुष. पुरुषाला हसायची सवय नसावी, त्याला ठसका लागला आणि बाईंनी त्याची पाठ थोपटली.

त्या चिठ्ठ्या आता पोलिसांकडे आहेत. बुधवारच्या सह्या शुक्रवारच्या खेळासाठी होत्या, पण सोमवारी लोक हसल्याने मुलीने त्याच सह्यांवर एक्केचाळीस सेकंद चित्रपटात तसेच ठेवले आहेत. पुढची चाचणी गुरुवारी आहे. मंगळवारी दुपारपर्यंत दादांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता. शेवटच्या रांगेतली तिकिटं विकू नयेत, असं मुलीने थिएटरला लेखी कळवलं आहे.