टिंडेलची हाक

जड मशीन हलवणाऱ्या माणसांना आपल्याकडे खलाशी म्हणतात, मग त्यांनी जन्मात होडीत पाय ठेवलेला नसला तरी. त्या खलाशांच्या टोळीचा जो म्होरक्या, तो टिंडेल. टिंडेलनं पहारीला हात लावायचा नसतो. त्यानं सगळं दिसेल अशा जागी उभं राहायचं आणि हाक द्यायची. 'ढिली' म्हटलं की साखळी सोडायची, 'बस' म्हटलं की ज्यानं त्यानं आहे तिथं दगड व्हायचं. आणि हाक एकाच तोंडाची. मालक असला तरी त्यानं मध्ये शब्द टाकायचा नाही. पोपटनं वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंत याच नेमानं आयुष्य काढलं होतं, आणि त्याच्या टोळीतल्या कुणाचं बोट कधी गेलं नव्हतं.

गेल्या साली त्याच्या घशातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज मात्र गेला तो गेलाच. जो उरला तो वाळक्या पानांवरून कुणी चालावं तसा. ठाण्यात खोपटला घरी बायकोशी, गंगुबाईशी, बोलण्यापुरता तो पुरत होता आणि त्याहून जास्त बोलायची वेळही येत नव्हती. टोळी आता रघु सांभाळायचा. पोपटच्याच हाताखाली तयार झालेला, शांत डोक्याचा गडी.

अशात जावयाचा, साईनाथचा, फोन आला. साईनाथ टर्नर. मानपाड्याला महेंद्रशेठच्या कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता तो कारखाना बंद पडला आणि लेथ भंगारात निघालं. साईनाथनं ते घरी आणायचं ठरवलं. खडवलीला घराच्या मागच्या अंगाला त्यानं विटांची खोलीही बांधून घेतली. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार, घरीच पुल्या नि बुशी असले सुटे भाग काढून देईन, म्हणाला. त्याच्या दोन हातांवर आणि त्या एका मशीनवर यापुढं घर चालायचं होतं.

"रघुदादाची टोळी येईल, आबा," तो म्हणाला, "पण हाक तुमची. तुम्ही उभे असलात की मला धीर असतो."

पोपटला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. त्यानं बघतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मोरीचं दार लावून, नळ सोडून, हाक देऊन पाहिली. स्वयंपाकघरातून गंगुबाईनं विचारलं, काय झालं? ऐकू गेलं म्हणायचं, असं त्यानं मनाशी धरलं. ती चार पावलांवर होती आणि तिचं सगळं आयुष्य त्याचा आवाज ओळखण्यात गेलेलं होतं. हेही त्याच्या मनात आलं होतं, पण त्यानं ते बाजूला सारलं.

ठरल्या दिवशी हायड्रा क्रेननं मशीन टेम्पोतून उचलून गल्लीच्या तोंडाशी ठेवलं. पुढं क्रेन जाणार नव्हती. टोळीतली माणसं एकेक करून पोपटच्या पाया पडली. त्याला बरं वाटलं. तयारी त्यानंच सांगितली, आणि ती चोख झाली. मोटर आणि लोखंड पकडायचा चक आधीच काढून ठेवलेले होते. लेथ डोक्याकडे जड, शेपटाकडे हलकं, म्हणून मधला सरकता भाग शेपटाकडे नेऊन आवळून टाकला. पायांना लाकडी ओंडके बोल्टनं बसवले आणि ओंडक्यांखाली लोखंडी पाईप घातले. पाईपांवरून मशीन पुढं सरकत जाणार, मागून मोकळा झालेला पाईप उचलून पुन्हा पुढं टाकायचा.

पोपटची लेक समीक्षा पदर खोचून बघत होती. "मी या घरात आले तेव्हा एवढा मानपान नव्हता," ती म्हणाली. "सवतीला बघा कशा पायघड्या."

माणसं हसली. साईनाथ म्हणाला, सवत निदान कमावती आहे.

"कमवेल तेव्हा बघू," ती म्हणाली. हसता हसता तिनं बापाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

सपाट गल्ली निभावली. अडचण खोलीच्या दाराशी होती. वर्षामागून वर्ष काँक्रीटचे थर चढून गल्ली वर आली होती आणि खोलीची जमीन खाली राहिली होती. तिथं जाड लोखंडी पत्रा टाकून उतार केला होता. उतारावर मशीन ढकलत नाहीत, मागून धरून सोडतात. म्हणून गल्लीतल्या चिंचेच्या बुंध्याला चेनकप्पी बांधली, तिची साखळी मशीनला मागून अडकवली आणि दोघे तिच्यावर उभे राहिले. साईनाथ पाईप बघायला खोलीत गेला. पोपट दाराच्या कडेला उभा राहिला, जिथून आत पाईप आणि बाहेर साखळी दोन्ही दिसत होती.

चार-पाच हाका झाल्या असतील. मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. साखळीवरचे दोघे त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागं जात होती. मागं, घराच्या जोत्यावर, रघु उभा होता. पोपटनं पुढची हाक मुद्दाम एक श्वासभर अडवली. साखळी कडकडली आणि मशीन बोटभर खाली सरकलं. हाक त्याच्या तोंडातच होती.

तो वळला नाही. वळला असता तर रघुचा हात हवेत सापडला असता, सगळ्यांनाच मान खाली घालावी लागली असती, त्यात लेक घराच्या दारात उभी. राहिलंय किती, हातभर. तेवढं होऊन जाऊ दे, असं त्यानं ठरवलं. आणि एवढ्या वर्षांत ज्यानं दुसऱ्या तोंडाची हाक चालू दिली नव्हती, तो माणूस नुसते ओठ हलवत उभा राहिला. तो 'ढिली' म्हणायचा, आणि साखळी रघुच्या हातावर सुटायची.

तेवढ्यात पुढचा पाईप तिरका झाला. साईनाथ तो सरळ करायला वाकला. पाईप टोकाकडून, उघड्या तळहातानं सारायचा असतो. साईनाथला हे माहीत होतं, पण घाईत त्यानं बोटं ओंडक्याखाली घातली. ते एकट्या पोपटला दिसत होतं. रघुला दाराची चौकट आड येत होती.

"बस," पोपट म्हणाला. मग गळ्याच्या शिरा ताणून पुन्हा म्हणाला. घशातून नुसती हवा आली. मागं रघुनं हात हलवला असावा, कारण साखळी कडकडली.

भिंतीला टेकलेली पहार पोपटनं उचलली आणि पत्र्यावर आदळली. त्या आवाजासरशी सगळे होते तिथं थांबले.

साईनाथनं हात ओढून घेतला होता, पण पुरता नाही. मधल्या बोटाचं नख फुटलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. समीक्षानं हळद आणून दाबली, चिंधी बांधली. साईनाथच पुन्हा पुन्हा म्हणत होता, माझी चूक, आबा, मीच हात घातला. साखळीवरचा एकजण म्हणाला, पाईपच वाकडा होता. दुसऱ्यानं पत्र्याला दोष दिला. पोपट सगळं ऐकत राहिला, मग त्यानं रघुला हातानं जवळ बोलावलं.

"कधीपासून?"

रघु जमिनीकडे बघत होता. "उतारावर घेतलं तेव्हापासून, टिंडेल."

पोपट त्याच्याकडे बघत राहिला.

"नाही," रघु म्हणाला. "टेम्पोतनं उतरवलं तेव्हापासून."

"बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार?"

"मला मघाशी कळलेलं," पोपट म्हणाला. ऐकायला रघुला कान जवळ आणावा लागला. "कळलं, तरी मी उभाच राहिलो." मग तो आपल्या जागेवरून बाजूला झाला. "इथं ये. इथनं पाईप दिसतो."

रघु पुढं येईना. पोपटनं त्याला दंडाला धरून त्या जागेवर उभं केलं आणि स्वतः जोत्यावर जाऊन बसला. रघुची हाक सुरू झाली. स्वच्छ, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी. पोपट तिच्यात खोट शोधत राहिला. एक हाक जराशी घाईची वाटली, पण मशीन बरोबर गेलं. थोड्या वेळानं आतून माणसांचे मोकळे झालेले आवाज आले, तेव्हा लेथ जागेवर बसल्याचं त्याला कळलं. तो उठून बघायला गेला नाही.

खलाशांच्यात मशीन बसलं की टिंडेल नारळ फोडतो आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याचा असतो. समीक्षा ताट घेऊन बापासमोर आली. मागोमाग सगळी टोळी बाहेर येऊन उभी राहिली.

"घ्या, आबा."

"हाक ज्याची, नारळ त्याचा," पोपट म्हणाला.

कुणी हललं नाही. तेव्हा त्यानंच नारळ उचलून रघुच्या हातात दिला. रघुनं तो मशीनपुढं फोडला, पहिला तुकडा पोपटकडे आणला आणि पोपटनं मान हलवल्यावर स्वतःच्या तोंडात टाकला. चावताना त्याचा चेहरा कडू काढा घेतल्यासारखा झाला होता. मग माणसं जोत्यावर ओळीनं बसली. पोपटला त्याचा तुकडा त्या ओळीतच मिळाला, शेजारच्याच्या मागून. ऑपरेशनपासून खोबरं त्याला गिळता येत नव्हतं. त्यानं ते मुठीत ठेवलं.

साईनाथ आत लेथपाशी उभा होता. बांधलेला हात छातीशी धरून तो डाव्या हातानं एक चाक फिरवून बघत होता. हात बरा होईपर्यंत त्याला दुसरं काही करता येणार नव्हतं. समीक्षानं बापाला विचारलं, राहताय ना आज? त्यानं नकाराची मान हलवली. तिनं आग्रह केला नाही.

बाहेर माणसं पाईप गोळा करून टेम्पोत टाकू लागली. काम संपलं की टिंडेलनं सामान मोजून घ्यायचं असतं. सवयीनं पोपटनं मोजायला सुरुवात केली. पण टेम्पोपाशी रघु मोठ्यानं मोजत होता, आणि त्या आवाजात पोपटचा आकडा चुकला. मग त्यानं मोजणं सोडून दिलं.